नागपूरला मध्यरात्री चार विमाने

1949 साल. मुंबईहून कलकत्त्याला ट्रंक कॉल लावायचा तर तासन्‌तास फोनजवळ बसून राहावे लागे. आगगाडीने तिकडे जायला दीड दिवसाहून जास्त लागे. अशा काळात मुंबईच्या संध्याकाळच्या टपालात पडलेले पत्र रातोरात उडून दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यात उतरू लागले. तसेच मद्रासचे दिल्लीत आणि दिल्लीचे मुंबईत. शिवाय एप्रिल 1949 पासून त्यासाठी हवाई टपालाचा वेगळा आकारही द्यावा लागत नव्हता. नेहमीच्या दरातले साधे पत्र, जिथे विमान जाते तिथे, विमानाने जाऊ लागले. टपाल खात्याने या योजनेला नाव दिले होते ‘ऑल-अप’.

हे सगळे जुळून येत होते नागपुरात, सोनेगावच्या विमानतळावर, रोज मध्यरात्री. ते जुळवणाऱ्या कंपन्यांची नावे होती इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स, हिमालयन एव्हिएशन, डेक्कन एअरवेज. यांतली एकही आज अस्तित्वात नाही. पहिली तर या कामात वर्षभरही टिकली नाही. तरीही विमानाने माल आणि टपाल कसे वाहावे याचा एक अस्सल धडा याच कंपन्यांनी गिरवून दाखवला. अमेरिकेतल्या एका कंपनीने पुढे त्याच धड्यावर जगभरचा व्यवसाय उभारला.

रात्रीचा हिशेब असा होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर एकेक डाकोटा विमान निघे. प्रत्येकात टपालाच्या थैल्या आणि काही प्रवासी. मध्यरात्र उलटताना चारही विमाने थोड्या-थोड्या वेळाने सोनेगावला उतरत. मुंबईच्या विमानातून थैल्यांचे तीन वाटे बाहेर येत: दिल्लीचा, कलकत्त्याचा आणि मद्रासचा. उरलेल्या तीन विमानांतूनही तसेच तीन-तीन. लाखेची मोहोर लावलेल्या या थैल्या तिथे फोडायच्या नसत, फक्त त्यांचे विमान बदलायचे. प्रवासीही आपापले विमान बदलत. मग चारही विमाने आल्या वाटेने परत फिरत आणि उजाडायच्या सुमारास आपापल्या शहरी पोहोचत.

वरवर पाहता हा द्राविडी प्राणायाम वाटतो. मुंबईचे पत्र दिल्लीला न्यायचे तर सरळ दिल्लीला का नेऊ नये, नागपूरला वळसा कशाला? इथेच या योजनेतली गंमत आहे आणि ती बोटांवर मोजून समजते. चार शहरांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडीत दोन्ही बाजूंचे टपाल सकाळपर्यंत पोहोचायला हवे. डाकोटासारख्या संथ विमानाला मुंबई-कलकत्त्यासारख्या लांबच्या मार्गावर जाऊन एका रात्रीत परत येणे जमणारे नव्हते. प्रत्येक जोडीला दोन विमाने धरू, एक इकडून आणि एक तिकडून. एकूण विमाने झाली बारा. त्यातून सकाळी प्रत्येक विमान आणि त्याचा वैमानिक परक्या गावी अडकलेला. नागपूरला सगळ्यांची गाठ घालून दिली की तेच काम चार विमानांत होते, आणि सकाळी चारही विमाने, चारही वैमानिक स्वतःच्या घरी.

शहरे वाढली की हा फायदा आणखी वाढत जातो. दहा शहरे एकमेकांना थेट जोडायची तर पंचेचाळीस मार्ग लागतात. मध्ये एक भेटीचे ठिकाण ठेवले तर दहा पुरतात. आज विमान वाहतुकीत याला ‘हब’ म्हणतात.

आता भूगोलाची करामत पाहा. नागपूरपासून हवाई अंतरे साधारण अशी आहेत: मुंबई 680 किलोमीटर, दिल्ली 855, मद्रास 905, कलकत्ता 985. मुंबई आणि कलकत्त्याच्या अंतरांची बेरीज केली तर ती मुंबई-कलकत्ता थेट अंतराएवढीच निघते, फरक जेमतेम काही किलोमीटरचा. दिल्ली-मद्रासचेही तसेच. म्हणजे या दोन सर्वांत लांबच्या मार्गांवर नागपूरला थांबून जाण्याने वळसा असा पडतच नाही. कॅरमबोर्डाचे समोरासमोरचे कोपरे दोन दोऱ्यांनी जोडले तर त्या मध्यभागी जिथे एकमेकींना छेदतील, नेमक्या तशा जागेवर नागपूर आहे. फक्त आपला कॅरमबोर्ड जरा वाकडा आहे: त्याचे कोपरे दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता.

चौकोन वाकडा असला तरी बिघडत नाही, कारण इथे भूमितीचा एक देखणा नियम लागू होतो. चार बिंदूंच्या बहिर्वक्र चौकोनात चारही कोपऱ्यांपासूनच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी भरते ती कर्णांच्या छेदनबिंदूवर. सिद्धता शाळकरी पोराला कळेल इतकी सोपी आहे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांपर्यंतच्या अंतरांची बेरीज त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा कमी होऊच शकत नाही, आणि दोन्ही जोड्यांसाठी एकाच वेळी ती सर्वांत कमी होण्याची एकच जागा असते: कर्ण जिथे एकमेकांना छेदतात ती. त्या बिंदूपासून नागपूर फार लांब नाही. भारताच्या चार महानगरांतून निघालेल्या विमानांना कमीत कमी इंधन जाळून कुठे भेटता येईल, हे गणित घालून शोधले असते तरी उत्तर विदर्भातच सापडले असते. विमानतळही तयार होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आखलेला सोनेगावचा तळ दुसऱ्या महायुद्धात वाढवलेला होता.

आता त्या विमानाकडे जरा जवळून पाहू. डाकोटा हे डग्लस कंपनीच्या डीसी-3 या विमानाचे रूप. डीसी-3 पहिल्यांदा उडाले 17 डिसेंबर 1935 रोजी. महायुद्धात त्याच सांगाड्यावर सैन्यासाठी मालवाहू विमाने बनू लागली आणि अशी दहा हजारांहून जास्त बनली. पंखांचे टोक ते टोक अंतर 95 फूट. दोन इंजिने, प्रत्येकाचे चौदा सिलिंडर दोन ओळींत गोलाकार मांडलेले, प्रत्येकाची ताकद सुमारे 1200 अश्वशक्ती. वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पोटात वीस-पंचवीस माणसे किंवा अडीच-पावणेतीन टन माल.

विमान उभे असताना त्याचे नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीलगत, कारण तिसरे छोटे चाक शेपटाखाली असे. आत शिरताच प्रवाशाला चढ चढून आपल्या जागेवर जावे लागे. डाव्या अंगाला मागच्या बाजूचा दुहेरी दरवाजा इतका रुंद, की सैन्यात त्यातून जीपगाडी आत ढकलत. टपालाच्या थैल्या चढवायला-उतरवायला हा दरवाजा फार सोयीचा. आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. त्यामुळे विमान फार उंच जाऊ शकत नसे आणि ढगांच्या वरून निसटण्याऐवजी त्यांच्यातून वाट काढत जाई. पावसाळ्यात सातपुड्यावरून, सह्याद्रीवरून रात्री असे जाणे म्हणजे काय, हे ते विमान चालवणारेच जाणोत. वैमानिकाच्या हाती होती घड्याळाच्या तबकडीसारखी उपकरणे, खालच्या रेडिओ केंद्राकडे रोख धरणारी एक सुई, हवामानाचा जुजबी अंदाज आणि स्वतःचे डोके.

ही विमाने भारतीय कंपन्यांच्या हाती आली कशी, हा या गोष्टीचा पाया आहे. भारतात टपालाने विमान उड्डाणाला सुरुवातीपासून हात दिला. 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादहून जवळच्याच नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने गेली. जगातले ते पहिले अधिकृत हवाई टपाल. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान घेऊन आले, तेही टपालच घेऊन. पण तोवर विमान कंपनी काढणे हा मोजक्या धनिकांचा उद्योग होता. युद्ध संपले आणि चित्र पालटले. सैन्याला नको झालेली डाकोटा विमाने भारतातल्या तळांवर पडून होती आणि ती स्वस्तात विकायला निघाली. युद्धात तयार झालेले वैमानिक आणि कारागीर रिकामे होते. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये लष्करी विमाने प्रवासी विमानांत बदलून मिळू लागली. पाहता पाहता देशभर विमान कंपन्या उगवल्या.

नावे वाचली तरी त्या काळाचा उत्साह जाणवतो. मुंबईची अंबिका एअरलाइन्स, मद्रासची ज्युपिटर एअरवेज, कलकत्त्याच्या भारत एअरवेज आणि एअरवेज इंडिया, दिल्लीची इंडियन नॅशनल एअरवेज आणि दालमिया-जैन एअरवेज, जुहूची एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया. संस्थानिक, उद्योगपती, व्यापारी, निवृत्त वैमानिक असे सगळेच यात उतरले.

इतक्या थोड्या वर्षांत या कंपन्यांनी काय-काय केले ते पाहिले की थक्क व्हायला होते. 27 ऑक्टोबर 1947 च्या सकाळी काश्मीर वाचवायला दिल्लीहून शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरले, तेव्हा हवाई दलाकडे विमाने पुरेशी नव्हती. खासगी कंपन्यांची डाकोटा विमाने ताब्यात घेऊन त्यांतून सैन्य आणि दारूगोळा नेला गेला. कालपर्यंत व्यापाऱ्यांना आणि टपालाला नेणारे वैमानिक त्या सकाळी युद्धभूमीवर उतरले. श्रीनगरची धावपट्टी वेळेत हाती आली नसती तर पुढचा इतिहास वेगळा असता.

कलिंग एअरलाइन्स बिजू पटनायकांची. इंडोनेशिया डच सत्तेशी लढत असताना जुलै 1947 मध्ये पटनायक स्वतः डाकोटा घेऊन तिकडे गेले आणि तिथले नेते सुतान शहरीर यांना डचांच्या नाकेबंदीतून बाहेर काढून भारतात घेऊन आले. पत्नी ज्ञान पटनायकही त्या मोहिमेत होत्या. इंडोनेशियाने पुढे पटनायकांना ‘भूमिपुत्र’ हा सन्मान दिला.

डेक्कन एअरवेज हैदराबादची, निजामाच्या रेल्वेने आणि टाटांनी मिळून काढलेली. प्रेम माथुर यांनी 1947 मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला, तेव्हा बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी बसणार नाहीत म्हणून आठ ठिकाणी त्यांना नकार मिळाला. होकार दिला डेक्कन एअरवेजने. भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिकाला विमान मिळाले ते अशा एका छोट्या कंपनीत. फाळणीने या कंपन्यांचेही वाटे झाले. कलकत्त्यात 1946 मध्ये स्थापन झालेली ओरिएंट एअरवेज कराचीला गेली आणि 1955 मध्ये पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

मग नागपूरच्या रात्रीच्या टपालाचे काम अशा छोट्या कंपन्यांकडे का गेले? कारण मोठ्यांना ते नको होते. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. रात्री विमाने जमिनीवर रिकामी बसतात आणि पत्रेही रात्रीच मोकळी असतात, माणूस दिवसा लिहितो आणि दिवसा वाचतो, तेव्हा हा वेळ वापरला पाहिजे अशी त्यांची धारणा होती. जे. आर. डी. टाटांचा याला ठाम विरोध होता. विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणाला लागणारे दिवे आणि रेडिओ यंत्रणा पुरेशी नाही, दोन इंजिनांच्या जुन्या विमानांवर रोज रात्री असा भार टाकणे धोक्याचे आहे आणि हिशेबातही बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. टाटा बाजूला राहिले, मग जानेवारी 1949 मध्ये इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने काम सुरू केले. काही महिन्यांतच ती कंपनी बसली. त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशनने सेवा पुन्हा उभी केली, पुढे डेक्कन एअरवेजनेही हात लावला.

या कंपन्या बुडाल्या त्याचे कारण फार गूढ नाही. सरकारने परवाने वाटताना हात आखडला नाही. विमाने स्वस्त मिळाली, पण विमान उडवणे कधीच स्वस्त नव्हते. पेट्रोल महाग, सुटे भाग परदेशातून आणायचे, तिकीट परवडणारे प्रवासी मूठभर, आणि त्या मूठभरांसाठी डझनभर कंपन्या एकमेकींशी झगडत होत्या. अंबिका, ज्युपिटर अशा कंपन्या दोन-तीन वर्षांत गुंडाळल्या गेल्या. 1950 मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष, जे पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचेही अध्यक्ष झाले. देशात जेवढी वाहतूक आहे तेवढ्यावर चारच कंपन्या नीट जगू शकतात, त्याहून जास्त परवाने दिले गेले, असा समितीचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी आपण होऊन एकत्र यावे ही सूचना कोणी मनावर घेतली नाही. शेवटी 1953 च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने निर्णय झाला. 1 ऑगस्ट 1953 रोजी डेक्कन, हिमालयन, कलिंग, भारत, एअरवेज इंडिया, इंडियन नॅशनल, एअर सर्व्हिसेस आणि एअर इंडियाची देशांतर्गत शाखा अशा आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये मिसळून गेल्या. नव्या कंपनीकडे 99 विमाने आली, त्यांपैकी 74 डाकोटा.

रात्रीचे टपाल मात्र चालूच राहिले, आता सरकारी झेंड्याखाली. टाटांची भीती निराधार नव्हती हेही लवकरच दिसले. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री नागपूरहून मद्रासला निघालेले डाकोटा उड्डाण करतानाच इंजिन बंद पडून कोसळले. 13 जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. अशी किंमत मोजूनही पुढे वीस वर्षे ही सेवा चालली. डाकोटाची जागा चार इंजिनांच्या स्कायमास्टरने घेतली, नंतर व्हायकाउंटने. जेट विमानांनी महानगरे थेट जोडल्यावर तिची गरज सरली आणि ऑक्टोबर 1973 मध्ये नागपूरच्या रात्री शांत झाल्या.

त्याच वर्षी, 17 एप्रिल 1973 रोजी, अमेरिकेत मेम्फिस शहरातून फेडरल एक्सप्रेस नावाच्या नव्या कंपनीने कामाला सुरुवात केली होती. 14 छोटी जेट विमाने, 25 शहरे, पहिल्या रात्री 186 पुडकी. रीत तीच: प्रत्येक शहरातून संध्याकाळी विमान निघायचे, मध्यरात्री मेम्फिसला सगळी जमायची, मालाची अदलाबदल करायची आणि पहाटे परतायचे. संस्थापक फ्रेड स्मिथ यांनी पुढे एका मुलाखतीत, ही पद्धत आधी भारतीय टपाल खात्याने वापरली होती, हे मोकळेपणाने सांगितले. आज जगभरचा कुरिअर व्यवसाय या रीतीवर उभा आहे.

नागपूरच्या जागेचे महत्त्व मात्र कधी संपले नाही. 2009 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी डेक्कन 360 ही मालवाहू विमान कंपनी काढली, एअरबस 310 जातीची विमाने आणली आणि देशभरचा माल रात्री एकत्र करायला ठिकाण निवडले ते नागपूरच. कंपनी 2011 मध्ये बंद पडली. साठ वर्षांनी पुन्हा एका छोट्या कंपनीने तेच गणित मांडले आणि तिलाही त्याचा खर्च झेपला नाही. गणित चुकीचे नव्हते, पदरचा पैसा कमी पडला.

छोट्या विमान कंपन्यांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडते. जिथे मोठे पाऊल टाकायला कचरतात तिथे त्या जातात, नवी रीत स्वतःच्या जोखमीवर करून पाहतात आणि ती रीत सिद्ध होईपर्यंत बहुधा उरत नाहीत. फायदा देशाच्या पदरात पडतो. म्हणून या कंपन्यांना अपयशी म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते.

वाचकांना एक विनंती आहे. बंद पडलेल्या कंपनीचे कार्यालय उरत नाही, दप्तर उरत नाही, तिचा इतिहास विखुरतो तो लोकांच्या घरांत. जुन्या ट्रंकेत 1949 ते 1953 मधली पाकिटे असतील तर त्यांवरचे टपालाचे शिक्के नीट पाहा. कुणाकडे डेक्कन एअरवेजचे तिकीट, हिमालयनचे वेळापत्रक, सोनेगावला रात्रपाळी केलेल्या आजोबांचा एखादा फोटो असेल. ते रद्दीत जाऊ देऊ नका. मागे तारीख आणि नावे लिहून ठेवा, आणि घरात त्या रात्री पाहिलेले कोणी अजून असेल तर त्यांना याच आठवड्यात विचारा.